मधलं बटण

आमच्या मुलीचं कागदोपत्री नाव फार गोड आहे. पण हॉस्पिटलातून घरी येईपर्यंतच तिच्या बाबाने तिला 'भोंगा' म्हणायला सुरुवात केली आणि मग तेच रुळलं. ती रडायला लागली की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवत नाहीत, सरळ बंदच करतात. स्पर्धेत अर्थ नाही हे त्यांनी ओळखलंय.

तिचं रडणं मला कुठूनही ऐकू येतं. नळ सोडलेला असो, वॉशिंग मशीन शेवटच्या गिरक्या घेत थरथरत असो, दोन दारं लावलेली असोत. नुसतं तिचंच नाही, तिच्या रडण्याच्या जातीचं काहीही ऐकू येतं. खालच्या मजल्यावरचं करकरणारं दार, कुणाच्या तरी सायकलचा ब्रेक, मांजर. मी हातातलं टाकून धावते. ती गाढ झोपलेली असते. मग एवढ्या लांब आलेच आहे तर श्वास नीट चालू आहे ना बघावं, म्हणून मी तिच्या छातीवर हात ठेवते, आणि ती उठते. बाळांच्या झोपेबद्दल मी तीन पुस्तकं वाचली आहेत. हे कुठल्याच पुस्तकात नाही.

तिचा बाबा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो आणि शनिवारी संध्याकाळी एका क्लबच्या हॉलमध्ये बँडबरोबर कीबोर्ड वाजवतो. दुकान पोटासाठी आहे. शनिवार कशासाठी आहे ते त्याला कधी सांगता आलेलं नाही, पण शुक्रवारपासूनच तो जरा उंच दिसायला लागतो. बँडमध्ये चौघंच. गाणाऱ्या ताई, ज्यांचा शब्द शेवटचा. ड्रमवाला, जो बोलतच नाही. बेस गिटार वाजवणारा बारक्या, जो दारातून तिरका होऊन आत येतो. आणि हा. मुलगी झाल्यावर ह्याने काही महिने सुट्टी घेतली, तेव्हा ताईंनी त्याची जागा कोणाला दिली नाही. "बाळंतपण काय फक्त बायकांचंच असतं का?" म्हणाल्या.

तो परत गेला, आणि दोन-तीन शनिवारांतच गडबड आहे हे मला कळलं. कारण तो घरी येऊन काही बोलायचा नाही, नुसत्या वायरी पुसत बसायचा.

त्या गुरुवारी सासूबाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, घरी एकटीला करमेना, म्हणून मी भोंग्याला झोळीत बांधून ह्याच्याबरोबर तालमीला गेले. तालमीची खोली टायरच्या दुकानावर आहे. जिन्यापासूनच रबराचा वास येतो. आत फार आवाज, म्हणून मी दार लावून बाहेरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत राहिले.

दाराआडून ऐकताना एक गंमत असते. समोर बसलं की डोळे मदत करतात. बोटं हलताना दिसली की आपल्याला वाटतं, ऐकू येतंय. पॅसेजमध्ये मला ड्रम ऐकू येत होते, बारक्याची घुमघुम ऐकू येत होती, ताईंचा तर शब्दन् शब्द. नवरा ऐकू येत नव्हता. त्या गाण्यात मध्ये एक जागा आहे, जिथे ताई थांबतात आणि कीबोर्ड एकटा बोलतो. ती जागा आली. काहीतरी ढवळल्यासारखं झालं, वरून जरा किणकिण सांडली, आणि मग ताईच गुणगुणायला लागल्या. जागा भरून काढायला. जेवायला बसलेल्या पाहुण्याच्या ताटात काही नाही हे बघून घरच्या बाईने घाईने विषय बदलावा तसं.

नेमकी तेव्हाच भोंग्याला जाग आली.

आत सगळं थांबलं. दार उघडलं. ताई माइक हातात घेऊनच बाहेर आल्या.

"ही बघ!" त्या वळून ह्याला म्हणाल्या. "केवढीशी आहे! ना वायर, ना स्पीकर, मध्ये बंद दार. तरी आली की नाही ऐकू? आणि तू? एवढं मोठं धूड घेऊन आलास आणि मला मागे वळून बघावं लागतं, आहेस की गेलास!"

"आवाज वाढवू का?" हा म्हणाला.

"नको रे बाबा," आतून बारक्या ओरडला. "तू आवाज वाढवलास की माझ्याच अंगावर येतोस. मी काय वाजवतोय ते मलाच कळेनासं होतं."

ताईंनी भोंग्याच्या गालाला बोट लावलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, मला तू हवा आहेस. पण क्लबवाले मागच्या वेळी मला विचारत होते, तुमच्यात कीबोर्ड कशाला आहे म्हणून. आता काय सांगू? एक गिटारवाला कधीचा मागे लागलाय. हा शनिवार बघते. नाही जमलं तर त्याला बोलावते. राग नको मानूस."

"नाही, राग कसला," हा म्हणाला. तो रागावत नाही. तो वायरी पुसतो.

घरी येताना म्हणाला, "वायरी बदलून बघितल्या. स्पीकर तपासून आणला. बहुतेक माझ्या हातातच राहिलं नाहीये काही." आणि हे इतक्या साधेपणाने म्हणाला, जसं दुकानात एखाद्याला 'नंबर वाढलाय' सांगतो.

शुक्रवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा झोपायच्या खोलीत सरावाला बसला. आमच्याकडे खोल्या दोनच, त्यामुळे कीबोर्ड पाळण्याच्या पायथ्याशी असतो. स्पीकर छोटा, आवाज बारीक. मुलीला त्याची सवय आहे, ती झोपते. मी स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होते. तो ते कालचंच गाणं वाजवत होता, आणि तीच मधली जागा, क्लॅरिनेटच्या आवाजात.

मी बाटल्या उकळत राहिले. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी बाटल्या उकळत राहिलेय.

हे माझ्या स्वभावात बसत नव्हतं. मुलगी अगदी लहान होती तेव्हा हाच क्लॅरिनेट ऐकला की मी धावायचे. तो आवाज थेट तिच्या रडण्याच्या जातीचा. आत जाऊन बघावं तर ती झोपलेली आणि हा वाजवतोय. मग मी चिडून परत यायचे, दोन मिनिटांनी पुन्हा धावायचे. किती दिवस चाललं होतं ते! आणि मग ते कधी थांबलं? मला वाटलं होतं, मी सुधारले. पण मी कुठली सुधारणार? कालच सायकलच्या ब्रेकला धावले होते.

मी चिमटा हातात घेऊनच दारात गेले.

"मी हल्ली धावत का येत नाही?" मी विचारलं.

त्याची बोटं थांबली. "अं?"

"तू क्लॅरिनेट वाजवलास की मी यायचे. आता का नाही येत?"

तो जरा लाजला. हो, लाजलाच. मग कीबोर्डवर ठेवलेल्या छोट्या डबीकडे बघितलं. ती डबी मी रोज पुसते, पण तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. इक्वलायझर म्हणतात तिला. तिच्यावर खालीवर सरकणारी सात बटणं असतात. डावीकडची गडगडाटाची, उजवीकडची किणकिणाटाची, आणि मधली, माणसं ज्या आवाजात बोलतात, भांडतात, हाका मारतात, त्या आवाजाची. ज्याचं बटण वर, तो आवाज पुढे. कडेची बटणं वर होती आणि मधली खाली खाली गेलेली. सात ठिपके जोडले तर हसरं तोंड झालं असतं. त्यातलं अगदी मधलं बटण तर तळाला टेकलेलं.

"हे असं का?"

"हळू आवाजात कडेचं ऐकूच येत नाही, म्हणून ती वर केली. छान भरीव वाटतं."

"आणि मधलं?"

"अगं, तू धावत यायचीस ना," तो म्हणाला. "हाताला साबण, चेहरा पांढराफटक. एकदा तर कपाळ आपटून घेतलंस ह्या दाराला. मला बघवायचं नाही. मग मी ते मधलं जरा खाली केलं. तरी आलीस. मग अजून जरासं. असं करत करत एक दिवस तू आली नाहीस. म्हटलं, चला, इथेच राहू दे."

"मला बोलला नाहीस ते?"

"काय बोलायचं? तुझ्या भीतीचं बटण सापडलंय म्हणून? मार खाल्ला असता मी. आणि मग विसरून गेलो. कानांना तेच बरं वाटायला लागलं."

तो डबीकडे बघत राहिला. आणि मग त्याचा चेहरा हळूहळू असा झाला, की मला वाटलं आता हा रडतो की हसतो.

"मी हेच घेऊन स्टेजवर जातोय," तो म्हणाला. "हीच डबी. अशीच. मी माझाच आवाज बंद करून जातोय! आणि वर बारक्याच्या अंगावर गडगडाट." त्याने डोक्याला हात लावला. "रोज लोकांना सांगतो, नंबर हळूहळू बदलतो म्हणून तुम्हाला कळत नाही. रोज सांगतो गं!"

मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले, चिमट्यासकट. पाळण्यात हालचाल झाली. आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो. भोंगा कूस बदलून झोपला.

"मग कर ना वर," मी कुजबुजले.

"इथे करून काय कळणार? हॉलमध्ये, खऱ्या आवाजात बघावं लागेल. आणि लांब उभं राहून कोणीतरी ऐकायला हवं. वाजवणाऱ्याला स्वतःचं नेहमीच ऐकू येतं." तो थांबला. "उद्या दुपारी येशील? सगळ्यांच्या आधी?"

"भोंगा?"

"आईकडे ठेवू."

मी तोपर्यंत मुलीला सोडून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याने आग्रह केला नाही. वायर पुसायला घेतली. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, "येते."

शनिवारी दुपारी सासूबाईंना मी सगळं समजावलं. दूध किती गरम, कुठल्या कुशीवर झोपवायचं, उचकी लागली तर काय. त्या नव्या कवळीने शांतपणे बिस्कीट खात ऐकत होत्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता माझं ऐक. हा तुझा नवरा कोणी वाढवला?"

"तुम्ही."

"जिवंत आहे ना?"

"आई, तसं नाही..."

"मग नीघ. आणि फोन करू नकोस. तो वाजला की ही उठते."

हॉल रिकामा होता. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. ह्याने सामान मांडलं, डबी जोडली आणि पहिलं काम केलं ते म्हणजे सातही बटणं एका ओळीत आणली. ते हसरं तोंड गेलं. मला उगीच जरा वाईट वाटलं.

"मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहा," तो म्हणाला. आणि मग दुकानातल्या आवाजात, ज्या आवाजात तो दिवसभर लोकांसमोर काचा बदलत असतो, "हं. आता हे ऐका. हे बरं, की... हे बरं?"

"पहिलं."

"आता? हे, की हे?"

"दोन्ही सारखंच वाटतंय."

"घाई नाही. पुन्हा दाखवतो."

"दाखवतो काय, ऐकवतो म्हण."

"पेशंटने उलट बोलायचं नाही."

त्याची पद्धत अशी होती की एकेक बटण आधी पार वर न्यायचं, म्हणजे त्या आवाजाची खोड कळते, आणि मग हवं तेवढं खाली आणायचं. डावीकडून दुसरं वर गेलं तेव्हा सगळं पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं झालं. ते त्याने ओळीच्याही खाली घातलं. अगदी डावीकडचं वर गेलं तेव्हा माझ्या पायाखालची फरशी थरथरली, आणि मला ते आवडलं.

"हे राहू दे," मी म्हटलं. "भारदस्त वाटतं."

"ते बारक्याचं घर आहे. मी तिथे शिरलो की दोघंही चेंगरतो." ते बटण खाली गेलं. आवाज एकटा ऐकताना जरा रोडावल्यासारखा वाटला.

"बारीक झालास."

"एकटा आहे म्हणून. सगळे वाजवायला लागले की बरोबर होईल. आता मधलं करतो. सांभाळ."

क्लॅरिनेट लावून त्याने मधलं बटण वर ढकललं, आणि मी दोन पावलं दाराकडे गेलेच. हात आपोआप पुढे आला. मुलगी घरी आहे, आजीच्या मांडीवर आहे, हे मला माहीत होतं. माझ्या पायांना माहीत नव्हतं.

"काय वाटतंय?"

"भीती."

"उत्तम! जरा कमी करू?"

"हो... नको. थोडंसं. हं, अजून थोडं. थांब!" मी डोळे मिटले. "आता धावावंसं वाटतंय, पण धावत नाहीये."

"मग तिथेच," तो म्हणाला. क्षणभर विचार करून त्याने ते केसभर वर सरकवलं. "माणसं बसली की ती थोडा आवाज पिऊन टाकतात."

मी जवळ जाऊन डबी पाहिली. कडेची बटणं खाली, मधली वर. हसऱ्या तोंडाचं रुसकं तोंड झालं होतं. अगदी भोंग्याचं, रडू फुटायच्या आधीचं.

बारक्या आला, सवयीने तिरका होऊन. बेस जोडली, ह्याच्याबरोबर चार ओळी वाजवल्या आणि थांबला. "काय रे, कुठे गेलास? म्हणजे, ऐकू येतोयस, पण माझ्या पायावर पाय नाही दिलास! काय केलंस काय?"

"नंबर तपासून घेतला," हा म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

ताई उशिरा आल्या. त्यांना सगळे मिळून वाजवून दाखवायला वेळच राहिला नाही. लोक यायला लागले, खुर्च्या सरकायला लागल्या. एक बाई तर माझ्या मागेच बसून मैत्रिणीला आपल्या पाठदुखीचं सविस्तर सांगत होती. मी दाराजवळची कडेची खुर्ची घेतली. फोन मांडीवर ठेवला. तो गप्प होता. गप्प असणं चांगलं की वाईट, ते मला ठरवता येईना.

पहिली गाणी मी धड ऐकलीच नाहीत. ताईंच्या पाठीकडे बघत होते. त्या वळून बघतायत का? नाही बघत. म्हणजे ऐकू येतंय? की नाद सोडला? मला समोर बसून तो ऐकू येत होता, पण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. मी डोळे मिटून घ्यायचे आणि लगेच उघडायचे, कारण डोळे मिटले की मुलगी दिसायची.

मग ते गाणं आलं. मधली जागा जवळ येत गेली, तशी मी ताईंच्या हातातल्या माइककडे बघत राहिले. परवा तो तोंडापाशीच राहिला होता, गुणगुणायला. आताही तिथेच होता. आणि एवढ्यात फोनचा दिवा लागला. मी झटकन खाली पाहिलं. कुठल्या तरी दुकानाची सेलची जाहिरात.

आणि ती रडली.

मी उठले. फोन पडला, पर्स पडली, पाठदुखीवाल्या बाईंचा पाय तुडवला, आणि दाराच्या मुठीवर हात ठेवला तेव्हा कळलं की मी हॉलमध्ये आहे. ती रडत नव्हती. नवरा वाजवत होता. बारक्याच्या घुमघुमीवरून, ड्रमवरून, खुर्च्यांच्या खरखरीवरून आणि पाठदुखीवरून तो क्लॅरिनेट सरळ येऊन मला लागला होता. मी वळले. ताईंचा माइक खाली, पार कमरेपाशी होता. त्या बाजूला सरकून उभ्या होत्या आणि मान डोलवत होत्या. माझ्या मागच्या बाईंनीही बोलणं थांबवलं होतं. पाय दुखावल्यामुळे असेल, पण मला तसं वाटत नाही.

स्टेजवरून त्याने मला पाहिलं. दारात उभी, एक हात मुठीवर, चेहरा बहुधा पांढराफटक. त्याचा उजवा हात सूर धरून राहिला, आणि डावा हात उचलला गेला, डबीकडे. मधल्या बटणाकडे. ते जरासं खाली करायला.

मी भर हॉलमध्ये, लोकांच्या डोक्यांवरून, जोरजोरात मान हलवली. नको. राहू दे. हाताने खूण केली, वाजव.

त्याचा हात हवेत क्षणभर थांबला आणि मग खाली, पट्ट्यांवर आला. त्याने ती जागा संपवली, आणि संपल्यावर परत पहिल्यापासून वाजवली, कारण ताईंनी बोट फिरवून 'पुन्हा' सांगितलं होतं.

गाणं झाल्यावर ताईंनी वाजवणाऱ्यांची ओळख करून दिली. ड्रमवाला, बारक्या, आणि मग हात लांब करून, "आणि कीबोर्डवर, आमचा नेहमीचा..." पुढचं टाळ्यांत बुडालं, पण मला 'नेहमीचा' तेवढं पुरेसं होतं.

मी पाठदुखीवाल्या बाईंची माफी मागितली, पर्स उचलली, फोन उचलला. मग सासूबाईंनी बजावलं होतं तरी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन त्यांना फोन लावलाच.

"झोपली होती," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या फोनने उठली. घे, ऐक."

ऐकायला फोन कानाला लावायचीही गरज नव्हती.